दिवाणजींचे दुसरे वाक्य

“तू पुण्याला नक्की शिकतेस तरी काय?” हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत आमच्या घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाने मला एकदा तरी विचारला आहे. आमचे घर सांगलीचे. हळदीच्या अडतीची पेढी पणजोबांपासूनची. चुलत भावंडांपैकी दोघे बी. कॉम. होऊन गादीवर बसले, एक सी.ए. झाला. त्यांचे शिक्षण कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माझ्या जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमात मात्र दर सत्राला एक ‘मल्टिमीडिया प्रकल्प’ करावा लागतो. छायाचित्रे, ध्वनी, चलत्चित्र आणि लिखित मजकूर यांची सांगड घालून एखादा विषय मांडायचा, असे त्याचे स्वरूप आहे. मी हे समजावून सांगितले तेव्हा आजोबांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, व्यापाऱ्याला शोभणारा एकच प्रश्न केला: “याला गिऱ्हाईक कोण?”

त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढे वाचनात आले की, दादासाहेब फाळके यांनाही भांडवल देणाऱ्यांच्या याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते. चित्रपट म्हणजे काय हे शब्दांनी पटेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून, अंकुर फुटून रोप वर येईपर्यंतचा प्रवास पडद्यावर दाखवला. ही गोष्ट १९१२ सालची. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. मी ही हकीकत आप्पांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “बरं. मग तूही एखादा वाटाणा पेर.”

मी हळद पेरली. ज्या ठिकाणी तुम्हाला आत जाऊ देतात तिथला विषय निवडा, असे आमच्या शिक्षकांचे सांगणे होते. आणि मला आत जाऊ देणारी जागा एकच होती, सांगलीचे मार्केट यार्ड. दोन वर्षांत केलेले माझे तिन्ही प्रकल्प हळदीचे आहेत. त्यांतून जे शिकले ते येथे मांडते. पहिल्या दोन प्रकल्पांतील चुका माझ्यापुरत्या होत्या. तिसऱ्यातील चूक मात्र दुसऱ्या माणसाला भोगावी लागली, म्हणून ती अधिक सविस्तर लिहावी लागेल.

पहिला प्रकल्प होता हरिपूरच्या पेवांवरील छायाचित्र-कथा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे राजापुरी वाणाइतकाच या पेवांचाही मोठा वाटा आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद आणि पोट प्रशस्त. आत पाला, चटया अंथरून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. हवा आत जात नाही, त्यामुळे कीड लागत नाही आणि हळद काही वर्षेसुद्धा उत्तम राहते. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचे नसते. कोंडलेली दूषित हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागते. २००५ च्या महापुरात यांतील पुष्कळ पेवे पाण्याखाली जाऊन निकामी झाली. आता हळद प्रामुख्याने गोदामांत आणि शीतगृहांत असते.

मला एक वापरातले पेव आणि दोन बुजलेली पेवे मिळाली. छायाचित्रे कमी पडू लागली, तेव्हा मी इंटरनेटवरून एक देखणे छायाचित्र उचलले. दूरवर पिवळ्याधमक हळदीचे ढीग, कडेला पोत्यांची थप्पी. पंचवीस चित्रांत एक खपून जाईल असे वाटले. घरी सर्वांना दाखवताना आप्पांनी नेमके तिथेच थांबवले. “ही पोती आपल्याकडची नाहीत. अक्षरं बघ.” मोठे करून पाहिले तर पोत्यांवरची अक्षरे तेलुगू होती. सांगलीच्या हळदीची कथा मी परप्रांतातील हळद दाखवून सांगत होते. व्यापाराच्या भाषेत याला भेसळ म्हणतात, असे बाबा म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले, पण ते चित्र त्याच रात्री काढून टाकले.

त्या चित्राचा दुसरा दोष नंतर उमगला. ते माझे नव्हते. इंटरनेटवर सापडलेली वस्तू बेवारशी असते, अशी माझ्या पिढीची सर्वसाधारण समजूत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांवरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. यार्डातील शेडमध्ये रात्रभर उघड्यावर पडलेला माल कोणाचाच नसतो असे आपण म्हणत नाही. मग पडद्यावर पडलेल्या मालाला वेगळा न्याय कशासाठी? आता दुसऱ्याचे चित्र किंवा संगीत घ्यायचेच असेल, तर लेखी परवानगी मागते. सहसा उत्तर येत नाही. मग त्या चित्रावाचून निभावते, आणि आश्चर्य असे की बहुतेक वेळा निभावते.

दुसरा प्रकल्प निव्वळ आवाजाचा होता. हळदीचे सौदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते डोळ्यांपेक्षा कानांत अधिक राहिलेले असतात. अडत्या, खरेदीदार आणि शेतकरी यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकतो, दर चढत्या स्वरात पुकारले जातात, मध्येच हमालांची हाकाटी, मागे ट्रकचा भोंगा. यात माझे लक्ष एका लहानशा आवाजावर होते. जाणता खरेदीदार ढिगातले हळकुंड उचलून कट्‌दिशी मोडतो. आतला रंग पाहतो हे खरे, पण त्याच क्षणी तो आवाजही ऐकत असतो. नीट वाळलेले हळकुंड मोडताना धातूसारखा खणखणीत आवाज येतो. ओल राहिली असेल तर आवाज बसका. आप्पांची दृष्टी आता अधू झाली आहे, तरी ते हळदीची परीक्षा अजून कानाने करतात.

आप्पांची मुलाखत पेढीवर घेतली. तासभर उत्तम बोलले. पुण्याला येऊन ऐकले तर त्यांच्या प्रत्येक शब्दामागे छताच्या पंख्याची घरघर होती. बोलताना ती मला मुळीच जाणवली नव्हती. आपले कान नको ते आवाज आपोआप मागे सारतात, ध्वनिग्राहकाला ही कला येत नाही. तो पंखा आणि आजोबा यांना समान मान देतो. त्यावर संगणकाचे उपाय आहेत, पण त्यांनी पंख्याबरोबर माणसाच्या आवाजातला ओलावाही जातो. ती मुलाखत पुन्हा घ्यावी लागली आणि दुसऱ्या वेळी आप्पा पहिल्यासारखे बोलले नाहीत. सांगून झालेली गोष्ट माणूस पुन्हा तशीच सांगत नाही. तेव्हापासून माझे काही नियम आहेत. प्रथम पंखा बंद करायचा. ध्वनिग्राहक बोलणाऱ्याच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा, कारण अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा आवाज पुष्कळच क्षीण होतो आणि खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. मुलाखत संपल्यावर कोणीही न बोलता एक मिनिट त्या खोलीची शांतता मुद्रित करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि दोन वाक्यांमधील जोड झाकायला तीच उपयोगी पडते. ते एक मिनिट घरातील मंडळींना फार कठीण जाते. आमच्या काकू हमखास हसतात.

हळकुंड मोडण्याचा आवाज मात्र यार्डात मिळेना. तिथे तो गर्दीत हरवत होता. शेवटी घरी, रात्री, गाद्या-रजया ठेवण्याच्या कपाटात डोके घालून मी सात हळकुंडे मोडली. आवाज सुरेख आला. प्रश्न असा पडला की, घरी मुद्रित केलेला आवाज यार्डातील म्हणून ऐकवणे योग्य काय? माझ्या वर्गात यावर दोन तट पडले. सगळे चित्रपट असेच बनतात, असे एका गटाचे म्हणणे. मी अखेरच्या श्रेयनामावलीत ‘हळकुंडांचा आवाज घरी मुद्रित’ अशी ओळ घातली. ती कोणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ती असावी असे वाटले. त्या वेळी मला आपल्या प्रामाणिकपणाचे बरेच कौतुक वाटले होते, हेही येथे नोंदवते. कारण पुढच्याच सत्रात जे घडले त्याचा या कौतुकाशी संबंध आहे.

तिसरा प्रकल्प म्हणजे तीन मिनिटांचा माहितीपट. विषय, आमच्या पेढीवर चार दशके कीर्द-खतावणी सांभाळलेले दिवाणजी. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ते रोज सकाळी नऊच्या सुमारास पेढीवर येत, टोपी खुंटीला अडकवत, वर्तमानपत्र वाचत आणि अकराला घरी जात. कोणी त्यांना बोलावलेले नसे आणि कोणी त्यांना येऊ नका म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

चित्रणाच्या अडचणी लहान होत्या. संध्याकाळचा सोनेरी उजेड छायाचित्रकारांना प्रिय. परंतु आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण आटोपायचे असते, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी आप्पा ताटावर असत. तेव्हा सकाळचा उजेड धरला. शेडमधील ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसू लागले. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने हे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. कॅमेऱ्याचा शटर-वेग एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवला की पट्टे नाहीसे होतात. याहून अवघड बाब होती लांबीची. दिवाणजी ४८ मिनिटे बोलले आणि मला तीन मिनिटे भरायची होती. म्हणजे सोळा भागांपैकी एक ठेवायचा आणि पंधरा टाकायचे.

त्या ४८ मिनिटांत एके ठिकाणी दिवाणजी म्हणाले होते: “त्या काळी नमुना म्हणून शेतकऱ्याच्या प्रत्येक पोत्यातनं मूठ मूठ हळद जायची. दिवसाकाठी ढीग व्हायचा. त्याचा हिशेब शेतकऱ्याला कोण देत होतं?” एवढे बोलून ते थांबले, तांब्यातले पाणी प्याले आणि मग पुढे म्हणाले: “आमच्या पेढीवर मात्र आप्पांचा दंडक होता. नमुन्याची हळद ज्याची त्याच्या पाटीत परत जायची, मगच काटा व्हायचा. त्यावरनं बाजारात लोक आप्पांना हसायचे.”

पहिले बोलणे धारदार होते. ऐकणारा सावरून बसावा असे. दुसरे ११ सेकंदांचे होते आणि माहितीपट ९ सेकंदांनी लांबत होता. दोहोंच्या मध्ये पाणी पिण्याची स्वच्छ शांतता होती. कात्री चालवायला याहून सोयीची जागा नसते. मी दुसरे वाक्य काढले. आणि “हिशेब शेतकऱ्याला कोण देत होतं?” या प्रश्नानंतर जी पोकळी राहिली, तिच्यात आप्पा गादीवर बसून वही लिहितानाचे दृश्य जोडले. ते दृश्य सुंदर आले होते. त्याला जागा हवीच होती.

लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवला होता. सुमारे शंभर वर्षांपूर्वी त्याने एका नटाचा भावहीन चेहरा तीन वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवून दाखवला: सूपाची थाळी, शवपेटी, एक स्त्री. चेहरा तोच होता, पण प्रेक्षकांना त्यावर कधी भूक, कधी शोक, कधी अभिलाषा दिसली. दोन दृश्ये शेजारी आली की पाहणारा त्यांतून तिसरा अर्थ स्वतःच काढतो. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण होते. तरीही दिवाणजींच्या प्रश्नाशेजारी आप्पांचा चेहरा ठेवताना मला काहीच आठवले नाही. मी त्या वेळी अर्थाचा विचार करत नव्हते, सेकंदांचा करत होते.

महाविद्यालयात माहितीपट नावाजला गेला. ‘व्यवस्थेवर निर्भीड बोट’ अशी कोणीतरी स्तुती केली, तेव्हा मी किंचित गोंधळले, पण स्तुती नाकारण्याइतकी गोंधळले नाही. धाकट्या चुलत भावाने तो कौतुकाने घरच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकला. तिथून तो नातेवाइकांकडे गेला, आणि तीन दिवसांत यार्डात पोहोचला. मिरजेकडच्या एका जुन्या शेतकऱ्याने बाबांना दूरध्वनी करून विचारले, “आमच्या वडिलांच्या पोत्यातलीपण मूठ गेली म्हणायची काय, शेठ?” तो हसत होता. बाबा हसले नाहीत. चौथ्या दिवशी दिवाणजी पेढीवर आले नाहीत. पाचव्या दिवशीही नाहीत.

दिवाळीच्या सुटीला आठवडा बाकी होता, तरी मी सांगलीला निघाले. वाटेत मनाशी सारखे म्हणत होते की मी एकही शब्द खोटा घातलेला नाही. दिवाणजी जे बोलले तेच ऐकवले. आवाज त्यांचाच, शब्द त्यांचेच. हा युक्तिवाद बसमध्ये बराच भक्कम वाटत होता.

दिवाणजींच्या घरी गेले तेव्हा ते ओसरीवर बसले होते. रागावले नाहीत. चहाही झाला. मग त्यांनी विचारले, “बाळ, माझं दुसरं वाक्य कुठं गेलं?”

मी वेळेच्या मर्यादेबद्दल काहीतरी सांगितले. ते म्हणाले, “तुझ्या आजोबांचं मीठ चाळीस वर्षं खाल्लं. आता बाजारात माणसं म्हणतात, दिवाणजीनं म्हातारपणी मालकाचं उणं काढलं. त्यांना मी काय सांगू? वेळ कमी होती म्हणू?”

मुलाखतीपूर्वी मी त्यांची परवानगी घेतली होती आणि त्याचा मला भरवसा वाटत होता. परंतु ती परवानगी बोलणे मुद्रित करण्याची होती. त्या बोलण्यातून मी काय उभे केले, हे लोकांना दाखवण्याआधी त्यांना दाखवावे असे माझ्या मनातही आले नव्हते. शेतकऱ्याचा माल आपण उतरवून घेतो, पण सौदा त्याला दर कळवल्याशिवाय पुरा होत नाही. मी तो कळवलाच नव्हता.

आप्पा घरी काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर एवढेच विचारले, “मूळ बोलणं आहे का शिल्लक?” कीर्द कुठे आहे, हे विचारावे तशा स्वरात.

ते शिल्लक आहे की नाही, हे मला नक्की सांगता येईना. साध्या फुल एचडी चित्रणाला मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी जागा लागते. ४८ मिनिटांचे मूळ चित्रण जवळजवळ सहा जीबी होते. पुढच्या कामासाठी जागा हवी म्हणून फोनमधून ते मी पुसले होते. कॅमेऱ्याच्या कार्डावर दुसरे चित्रण झाले होते. एक प्रत कदाचित पुण्यातील खोलीवरच्या हार्डडिस्कमध्ये होती. ‘कदाचित’ हा शब्द ऐकून आप्पांनी चष्मा काढून ठेवला. २००५ च्या पुरात आमच्या पेढीच्या कित्येक वह्या भिजून लगदा झाल्या होत्या. त्यानंतर त्यांनी पद्धतच घातली: चालू वह्या पेढीवर, त्यांची नक्कल घराच्या माळ्यावर, आणि वर्ष संपले की जुन्या वह्या मिरजेला आत्याकडे. २०१९ साली कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले आणि पेढी पुन्हा बुडाली, तेव्हा हिशेबाचा एक कागदही हरवला नाही. आमच्या अभ्यासक्रमात हाच नियम ‘तीन-दोन-एक’ या नावाने शिकवतात: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. मी तो वहीत लिहून घेतला होता. आप्पांनी तो पाळला होता.

पुण्याला परत गेले. प्रत सापडली. ती सापडली नसती तर मी दिवाणजींचे ते वाक्य जगाला कसे ऐकवले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

आता प्रश्न दुरुस्तीचा होता. मला वाटत होते की, नवी प्रत तयार करावी, जुनी गुपचूप काढून टाकावी आणि विषय संपवावा. आप्पांना ते मान्य नव्हते. “कीर्दीत खाडाखोड नसते. चुकीची नोंद चुकीची म्हणून राहते. तिच्यासमोर उलट नोंद घालायची आणि कारण लिहायचं. पान फाडलं की लोक उरलेल्या पानांवरही विश्वास ठेवत नाहीत.”

त्याप्रमाणे नव्या प्रतीच्या आरंभी मी अक्षरांत लिहिले की, आधीच्या प्रतीत दिवाणजींचे बोलणे अर्धेच घेतले गेले होते, त्यामुळे पेढीविषयी चुकीचा समज झाला, आणि ही चूक संकलन करणारीची आहे. त्यांचे बोलणे सलग ठेवले. मधले पाणी पिणेसुद्धा. त्या शांततेत ते काही आठवत आहेत, हे पहिल्या वेळी माझ्या लक्षातच आले नव्हते. आप्पांचे वही लिहितानाचे दृश्य काढून टाकले. लांबी ३ मिनिटे २२ सेकंद झाली. मर्यादा ओलांडल्याबद्दल महाविद्यालयात गुण कापले गेले. नियम सर्वांना सारखा असतो, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. सेकंदांसाठी दुसरे एखादे वाक्य कापता आले असते हे खरे. पण त्या दिवसांत कात्री हातात घेण्याचे धैर्यच होत नव्हते.

दुरुस्त प्रत ज्या समूहांवर पहिली गेली होती तिथे सगळीकडे पाठवली. ती पहिलीइतकी पुढे गेली नाही. आरोप जेवढ्या उत्साहाने पुढे सरकतो तेवढा खुलासा सरकत नाही, हे मला मोजूनच कळले: समूहात पहिल्या प्रतीखाली पन्नासहून अधिक प्रतिक्रिया होत्या, दुसरीखाली नऊ. पहिली प्रत आजही कोणाच्या तरी फोनमध्ये असेल. ती परत बोलावण्याचे तंत्र माझ्याजवळ नाही.

पण ही प्रत पाठवण्याआधी एक काम राहिले होते. बाबा स्वतः दिवाणजींना आणायला गेले. एकोणीस दिवसांनी ते पेढीवर आले. टोपी खुंटीला अडकवली आणि माझ्या लॅपटॉपसमोर बसले. सौद्याची वेळ संपली होती, यार्ड शांत होते. आप्पा गादीवर होते, दोघे एकमेकांकडे पाहत नव्हते. माहितीपट सुरू झाला. पंखा मी सवयीने बंद केला होता.

दिवाणजींनी आपले पहिले वाक्य ऐकले, पाणी पिणे पाहिले, दुसरे वाक्य ऐकले. तिथे त्यांनी हात वर केला. “थांबव.”

माझ्या पोटात गोळा आला. ते पडद्याजवळ वाकले. खाली दिसणारी लिखित ओळ मी संगणकाच्या आपोआप उतरवून घेण्याच्या सोयीवर सोपवली होती आणि घाईत एकदाच वाचली होती. दिवाणजींनी पडद्यावर बोट ठेवले. “मी काय म्हणालो आणि हे काय लिहिलंय? ‘ज्याची त्याच्या पट्टीत परत जायची.’ पट्टीत हळद कशी टाकणार, बाळ? पट्टी कागदाची असते. पाटीत. पाटीत परत जायची.”

गादीवरून आप्पा म्हणाले, “वाच पुन्हा सगळं. हे आहेत तोवर वाचून घे.”

मग आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी वाचत होते, दिवाणजी मान हलवत होते, कुठे ‘हं’ म्हणत होते. ती एकच ओळ चुकली होती. तिथे येऊन मी जोडाक्षर मोडले, ‘प’ला काना दिला, आणि फाइल नव्या नावाने जतन केली. जुनीही ठेवली.